स्वयंसेवक, वेठ आणि मानधन : सिंधुदुर्ग किनाऱ्यावरील लोकारोग्यसेवेचा एक शब्दलक्ष्यी विचार

संस्थांचा इतिहास लिहिताना त्यांचे ठराव, अहवाल आणि जमाखर्च तपासण्याची चाल आपल्याकडे आहे. त्या ठरावांत व अहवालांत माणसांना कोणत्या नावाने संबोधिले आहे, हे तपासण्याची चाल मात्र अद्याप फारशी पडलेली नाही. वस्तुतः एखाद्या कामाला समाज जे नाव देतो त्यात त्या कामाविषयीची त्याची समजूत, आणि पुष्कळदा त्या कामाचे मोल चुकविण्याविषयीची त्याची तयारी किंवा नाखुषी, साठविलेली असते. प्रस्तुत निबंधात अशाच एका नावाचा मागोवा घ्यावयाचा आहे. ते नाव म्हणजे ‘स्वयंसेवक’, आणि त्याचे आजचे स्त्रीलिंगी रूप ‘स्वयंसेविका’.

महाराष्ट्रातील कोणत्याही खेड्यात आज सरकारी आरोग्यसेवेचे पहिले दर्शन घडते ते डॉक्टरच्या रूपाने नव्हे, तर ‘आशा स्वयंसेविका’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गावच्याच एका स्त्रीच्या रूपाने. गर्भवतीची नोंद, बाळंतिणीच्या घरच्या भेटी, लसीकरणासाठी मुलांना गोळा करणे, तापाच्या रुग्णांचा शोध, क्षयरोग्याला गोळ्या पोचविणे ही कामे ती करते. ती नोकर नाही, तिला वेतन नाही; तिला मिळते ते ‘मानधन’ व ‘मोबदला’. ही स्थिती योग्य की अयोग्य, ह्याचा वाद चालू आहे. त्या वादात ‘स्वयंसेविका’ हा शब्द दोन्ही बाजूंनी वापरला जातो; परंतु तो शब्द आला कोठून, त्याने पूर्वी कोणता अर्थ वाहिला आणि आज त्याच्यावर कोणता अर्थ लादला गेला आहे, हे क्वचितच विचारले जाते. सिंधुदुर्ग जिल्हा हा ह्या विचारासाठी विशेष सोयीचा आहे, कारण ह्या शब्दाच्या इतिहासातील जवळजवळ सर्व टप्पे ह्या किनाऱ्यावर प्रत्यक्ष घडलेले दाखविता येतात.

१. शब्दाची घडण

‘स्वयंसेवक’ हा शब्द ‘व्हॉलंटिअर’ ह्या इंग्रजी शब्दाचे भाषांतर म्हणून रूढ झाला. मूळ लॅटिन शब्दाच्या गाभ्याशी ‘इच्छा’ हा अर्थ आहे, आणि युरोपीय भाषांत तो प्रथम सैन्याच्या संदर्भात वापरला गेला. सक्तीने भरती न होता स्वेच्छेने शिपाई होणारा तो व्हॉलंटिअर. अशा शिपायाला पगार नसे असे नव्हे. त्याचे वैशिष्ट्य विनामूल्यतेत नव्हते, ते सक्तीच्या अभावात होते. मराठीत हा शब्द आणताना आपण ‘इच्छा’ हा घटक ‘स्वयम्’ ह्या अव्ययावर सोपविला, आणि ‘सेवा’ हा घटक आपल्या पदरचा घातला. परिणाम असा झाला की, इंग्रजीत जेथे भर ‘कोणाच्या इच्छेने’ ह्यावर होता तेथे मराठीत तो ‘सेवा’ ह्यावर गेला. सेवा ही आपल्या धर्मपरंपरेत निरपेक्ष असावयाची. तेव्हा स्वयंसेवकही निरपेक्ष, म्हणजे मोल न घेणारा, असला पाहिजे, असा ध्वनी शब्दाला आपोआप चिकटला.

येथे ‘स्वयम्’ ह्या पूर्वपदाचे मराठीतील आणखी एक उदाहरण लक्षात घेण्यासारखे आहे. ‘स्वयंपाक’ म्हणजे मुळात स्वतःच्या हाताने केलेला पाक. सोवळ्याओवळ्याच्या आचारात ह्या ‘स्वयम्’ला नेमका अर्थ होता. परंतु नित्य वापराने तो झिजला आणि मराठीत ‘स्वयंपाक’ म्हणजे केवळ अन्न शिजविणे असे झाले. इतके की, दुसऱ्याच्या घरी पगार घेऊन अन्न शिजविणाऱ्या बाईला आपण ‘स्वयंपाकीण’ म्हणतो आणि त्यात आपणांस कोणतीही विसंगती वाटत नाही. तिच्या नावात ‘स्वयम्’ आहे, सबब तिला पगार देणे लागत नाही, असा युक्तिवाद आजवर कोणी केलेला नाही. ‘स्वयंसेविका’ ह्या शब्दाच्या बाबतीत मात्र तो केला जातो. ह्याचे कारण व्याकरणात सापडणार नाही. ते इतिहासात शोधले पाहिजे.

२. पूर्वपीठिका : वेठ, मान आणि सुईण

सिंधुदुर्ग हा जिल्हा म्हणून नवा आहे. १ मे १९८१ रोजी जुन्या रत्नागिरी जिल्ह्याचे दक्षिणेकडील तालुके वेगळे काढून तो निर्माण झाला, आणि मालवणच्या समुद्रातील शिवकालीन किल्ल्याचे नाव त्याला मिळाले. ह्यातील सावंतवाडीचा मुलूख १९४८ पर्यंत स्वतंत्र संस्थान होता. भूगोल पाहिला तर समुद्र आणि सह्याद्री ह्यांच्यामधील ही पट्टी खाड्यांनी व सड्यांनी तुकडे तुकडे झालेली आहे. गड, कर्ली, वाघोटण ह्यांसारख्या नद्यांच्या मुखांशी खाड्या आहेत. गाव एकगठ्ठा नसून दूरदूरच्या वाड्यांत विखुरलेला असतो. आणि पावसाळ्याचे चार महिने एका वाडीहून दुसऱ्या वाडीस जाणे म्हणजे साकव, घाटी आणि चिखलाची पाणंद ओलांडणे असते. अशा प्रदेशात कोणतीही आरोग्यव्यवस्था उभी करावयाची तर प्रत्येक वाडीच्या जवळ कोणी तरी माणूस असावाच लागतो. वैद्य वा डॉक्टर प्रत्येक वाडीला मिळणे शक्य नव्हते व आजही नाही. म्हणून ‘जवळचे माणूस’ ही येथील आरोग्यसेवेची पहिली अट होय.

जुन्या ग्रामव्यवस्थेत हे जवळचे माणूस म्हणजे सुईण होती. ‘सू’ म्हणजे प्रसवणे ह्या धातूशी नाते सांगणारा हा शब्द मराठीच्या बहुतेक सर्व बोलींत आहे. सुईणीचे काम ऐच्छिक म्हणावे तर ते पुष्कळदा परंपरेने तिच्याकडे आलेले असे; सक्तीचे म्हणावे तर तिच्या कौशल्याला मान असे; आणि मोफत म्हणावे तर धान्य, नारळ, लुगडे अशा रूपाने तिला काही मिळण्याची रीत होती. ‘स्वयंसेवा’ आणि ‘नोकरी’ ह्या आजच्या दोन खणांपैकी कोणत्याही एका खणात ती बसत नाही.

ह्याच ग्रामव्यवस्थेत दुसऱ्या टोकाला ‘वेठ’ होती. संस्कृत ‘विष्टि’ ह्या शब्दापासून आलेला हा शब्द मोल न देता सक्तीने करवून घेतलेल्या श्रमाचा वाचक आहे. कोकणात खोती पद्धतीखाली कुळांकडून वेठ घेतली जाई. खोती नष्ट करण्याचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात मांडले होते. प्रत्यक्ष कायदा १९४९ मध्ये झाला. सफाईचे व मृत जनावरे ओढण्याचे काम तर जन्मानेच विशिष्ट जातींच्या माथी मारलेले होते. म्हणजे गावाचे आरोग्य ज्या कामावर अवलंबून होते, त्यातील सर्वांत आवश्यक भाग हा वेठीच्या आणि जातीच्या बंधनात अडकलेला होता. मोल न घेता केलेले काम दोन प्रकारचे असू शकते, एक स्वेच्छेने केलेले आणि दुसरे नकार देता येत नाही म्हणून केलेले. बाहेरून पाहणाऱ्यास दोन्ही सारखीच दिसतात. पुढील सर्व विवेचनात हा भेद ध्यानी ठेवावा लागेल.

३. साथी आणि संघटित सेवेचा उदय

आधुनिक अर्थाने आरोग्यक्षेत्रातील स्वयंसेवक महाराष्ट्रात दिसू लागतो तो साथींच्या काळात. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनी प्लेगचे निदान केले. पुढील काही महिन्यांत लाखो लोकांनी शहर सोडले. मुंबईच्या गिरण्यांत त्या काळी रत्नागिरी जिल्ह्याचा भरणा मोठा असल्याने ह्या स्थलांतराचा एक मोठा प्रवाह कोकणाकडे वळणे अपरिहार्य होते. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला आणि घरझडती, सक्तीचे विलगीकरण, प्रवाशांची तपासणी ह्यांचे सत्र सुरू झाले. ह्या सक्तीच्या विरोधात पुण्यात जो क्षोभ उसळला त्याची परिणती २२ जून १८९७ रोजी झालेल्या रँडच्या वधात झाली, हे सर्वश्रुत आहे. त्याच वर्षी त्याच शहरात ह्याच्या अगदी उलट दिशेचे एक उदाहरण घडले. सावित्रीबाई फुले ह्यांनी प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा पत्करली, आणि एका आजारी मुलाला स्वतः उचलून उपचारासाठी आणताना लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. सरकारी सक्ती आणि वैयक्तिक आत्मार्पण ह्या दोन टोकांच्या मध्ये संघटित लोकसेवेची गरज होती, ती ह्या काळात स्पष्ट झाली.

ती गरज काही अंशी पुढील पिढीने भागविली. १२ जून १९०५ रोजी गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. १९०९ मध्ये रमाबाई रानडे ह्यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सेवासदन उभे राहिले व तेथून स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाची वाट मोकळी झाली. १९११ मध्ये ना. म. जोशी ह्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत, जेव्हा पुष्कळसे डॉक्टर महायुद्धावर गेलेले होते, तेव्हा औषधे वाटणे व रोग्यांची वास्तपुस्त करणे ही कामे मुख्यतः अशा संस्थांच्या व ज्ञातिसंस्थांच्या कार्यकर्त्यांनी सांभाळली. त्या साथीत हिंदुस्थानात किती माणसे दगावली ह्याचे अंदाज १ कोटी २० लाखांपासून २ कोटींपर्यंत आहेत.

येथे एक बाब विशेष नोंदण्याजोगी आहे. गोखल्यांनी ‘सेवक’ हा शब्द आपल्या संस्थेच्या नावातच घातला आणि सभासदांकडून आजन्म त्यागाची शपथ घेतली. परंतु त्या सेवकांना व त्यांच्या कुटुंबांना निर्वाहापुरते वेतन देण्याची जबाबदारी संस्थेने स्वतःकडे घेतली होती. सेवा म्हणजे उपजीविकेचा अभाव, असा अर्थ आपल्या सेवापरंपरेच्या ह्या सर्वांत निष्ठावान शाखेने देखील केलेला नाही.

ह्याच सुमारास वेंगुर्ल्याला अमेरिकन मिशनचे वैद्यकीय कार्य चालू होते व तेथील सेंट ल्यूक रुग्णालय पंचक्रोशीत परिचित होते. ह्या मिशनमधील डॉक्टर गोहीन ह्यांचा मुलगा रॉबर्ट गोहीन हा १९१९ साली वेंगुर्ल्यातच जन्मला. तो पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष व १९७७ ते १९८० ह्या काळात अमेरिकेचा भारतातील राजदूत झाला. मिशनरी सेवेचा हेतू कोणताही असो, तीत सेवकाचा निर्वाह संस्थेने चालवावयाचा हे गृहीतच असे. भारत सेवक समाज काय आणि मिशन काय, दोहोंची व्यवस्था ह्या एका बाबतीत सारखीच होती.

४. आप्पासाहेब पटवर्धन : नकाराचे स्वातंत्र्य

‘स्वयंसेवक’ हा शब्द ह्या किनाऱ्यावर सामान्य जनांच्या तोंडी रुळला तो राजकीय चळवळीतून. मे १९३० मध्ये वेंगुर्ले तालुक्यातील शिरोडे येथे मिठाचा सत्याग्रह झाला आणि त्यासाठी बाहेरगावांहून तुकड्यातुकड्यांनी स्वयंसेवक आले. तुरुंगात जाण्याची तयारी हे त्यांचे लक्षण होते. ह्याच चळवळीतून पुढे आलेल्या एका माणसाने स्वयंसेवकत्वाची कल्पना राजकारणातून काढून गावाच्या आरोग्याशी नेऊन भिडविली. ते म्हणजे ‘कोकणचे गांधी’ म्हणून ओळखले गेलेले सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१).

१९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना आप्पासाहेबांनी भंगीकामाची मागणी केली. ते उच्चवर्णीय असल्यामुळे ती नाकारण्यात आली. तेव्हा त्यांनी निषेधार्थ आपला आहार कमी केला. ही बातमी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींना कळताच त्यांनी ३ डिसेंबर १९३२ रोजी सहानुभूतीचे उपोषण आरंभिले, आणि सरकारकडून ह्या प्रश्नाचा विचार होईल असे आश्वासन मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी सोडले. प्रसंग लहान दिसतो, परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने तो मोलाचा आहे. एकाच तुरुंगात एकच काम एका कैद्यास जन्मामुळे करावे लागत होते आणि दुसऱ्यास जन्मामुळे करता येत नव्हते. आप्पासाहेबांनी मागितला तो अधिकार ते काम पत्करण्याचा. त्या मागणीची दुसरी बाजू अशी की, ज्याला ते काम करावे लागत होते त्याला ते नाकारण्याचा अधिकार मिळाला पाहिजे. नाकारता येईल तेच काम पत्करता येते. आप्पासाहेबांच्या मागणीत ‘स्वयम्’ ह्या शब्दाचा खरा अर्थ दडलेला आहे असे म्हणावयास हरकत नाही.

मात्र ते केवळ प्रतीकावर थांबले नाहीत, आणि त्यांचे खरे ऐतिहासिक महत्त्व ह्यातच आहे. १९४८ मध्ये त्यांनी कणकवलीजवळ वागदे येथे गोपुरी आश्रम स्थापिला. तेथे चर्मकामाप्रमाणेच मलमूत्राच्या विल्हेवाटीचे प्रयोग झाले, आणि ‘गोपुरी संडास’ ह्या नावाने ओळखली जाणारी रचना पुढे आली. चरात वा खड्ड्यात मैला माती-पाल्याने झाकून काही काळ कुजू द्यावयाचा आणि त्याचे सोनखत करावयाचे, हे तिचे तत्त्व. ताज्या मैल्याला हात लावण्याची व तो डोक्यावरून वाहण्याची गरजच तीत राहत नाही. शेतकऱ्याला खत मिळते, विहिरीचे पाणी व अंगण स्वच्छ राहते, आणि जंत, हगवण, विषमज्वर ह्यांच्या प्रसाराची वाट अडते. ‘सोनखत’ हा मराठी शब्द ह्या प्रयोगांच्या पूर्वीचाच आहे. ज्या पदार्थाचा उच्चार शिष्ट समाज टाळतो त्याला शेतकऱ्याने सोन्याची उपमा दिली, ही गोष्ट आप्पासाहेबांच्या कार्याला भाषेनेच दिलेला आधार समजावयास हवी.

ह्यावरून स्वयंसेवकाच्या भूमिकेसंबंधी एक निष्कर्ष काढता येतो. दुसऱ्याच्या माथ्यावरचे ओझे काही काळ स्वतःच्या माथ्यावर घेणे, ही सेवेची पहिली पायरी झाली. ते ओझे कोणाच्याच माथ्यावर येऊ नये अशी कामाची पद्धतच बदलणे, ही दुसरी पायरी. आप्पासाहेब पहिल्या पायरीवर १९३२ मध्ये होते, दुसरीवर गोपुरीत पोचले. जी सेवा पहिल्या पायरीवरच कायमची थांबते तिचे हळूहळू वेठीत रूपांतर होण्याचा धोका असतो.

५. शासनाने घेतलेला शब्द

स्वातंत्र्यानंतर आरोग्यसेवेचा भार शासनाने उचलला. देवी, हिवताप, क्षय ह्यांच्या निर्मूलनाच्या मोहिमा झाल्या आणि त्यांत लहानमोठे साहाय्यक हजारोंनी लागले. परंतु गावपातळीवरील ‘जवळचे माणूस’ ही कल्पना शासकीय धोरणात स्पष्टपणे आली ती १९७५ च्या श्रीवास्तव समितीच्या अहवालानंतर. २ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्र सरकारने एक योजना सुरू केली. दर १,००० लोकवस्तीमागे गावाने निवडलेली एक व्यक्ती, तिला ३ महिन्यांचे शिक्षण, औषधांची पेटी आणि दरमहा ५० रुपये, असे तिचे स्वरूप होते. पुढच्याच वर्षी आल्मा-आता येथील जागतिक परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जो जाहीरनामा काढला, त्याच्याशी ही योजना सुसंगत होती.

ह्या योजनेच्या नावाचा प्रवास भाषेच्या अभ्यासकाने अवश्य पाहावा. आरंभी ही व्यक्ती ‘कम्युनिटी हेल्थ वर्कर’ होती. थोड्याच वर्षांत ती ‘कम्युनिटी हेल्थ व्हॉलंटिअर’ झाली. आणि १९८१ पासून ‘व्हिलेज हेल्थ गाईड’. काम, पेटी आणि ५० रुपये तेच राहिले. नाव मात्र तीनदा ठरले. ‘वर्कर’ म्हटले की कामगार हा अर्थ येतो, आणि कामगार म्हटला की कायम नोकरी, वेतनश्रेणी, रजा ह्या मागण्या येतात. ‘व्हॉलंटिअर’ ह्या शब्दाने ती वाट बंद होते. म्हणजे येथे ‘स्वयंसेवक’ ही पदवी व्यक्तीने स्वतः घेतलेली नाही. ती नियोक्त्याने तिला दिली. शिरोड्याच्या सत्याग्रहातील माणूस स्वतःला स्वयंसेवक म्हणवीत होता. ह्या योजनेतील माणसाला स्वयंसेवक म्हणण्यात आले. शब्द तोच राहिला, पण बोलणारा बदलला, आणि त्याबरोबर अर्थही बदलला. ही योजना पुढे क्षीण होत गेली. तिच्यातील बहुसंख्य व्यक्ती पुरुष होत्या आणि मातांच्या व बालकांच्या प्रश्नांपर्यंत त्यांचा हात पोचत नव्हता, ही तिची एक मोठी उणीव ठरली.

ही उणीव दूर करण्याचे मार्ग महाराष्ट्रातच सिद्ध होत होते. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्यांनी जामखेड येथे जो प्रकल्प आरंभिला, त्यात गावातील स्त्रियांना, त्यांतही दलित व अक्षरशत्रू समजल्या गेलेल्या स्त्रियांना, आरोग्याचे शिक्षण देण्यात आले. गडचिरोलीत १९८६ पासून डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांच्या ‘सर्च’ ह्या संस्थेने ‘आरोग्यदूत’ तयार केले. ३९ गावांत घरच्या घरी नवजात अर्भकांची काळजी घेण्याच्या ह्या प्रयोगामुळे तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटले, असे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. ह्या प्रयोगांनी एक गोष्ट निर्विवाद केली. गावची स्त्री जे काम करते ते निव्वळ मदतीचे नाही, ते कौशल्याचे आहे. श्वास अडकलेल्या बाळाला वाचविणे, जंतुदोषाचे लक्षण ओळखणे, हे शिकविता येते, मोजता येते आणि तपासता येते. मोजता येणाऱ्या कौशल्याला ‘सेवा’ म्हणावे की ‘काम’, हा प्रश्न तेव्हापासून टाळता येण्यासारखा राहिलेला नाही.

६. ‘आशा’ आणि मराठीची निवड

१२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि त्यात ‘आशा’ ही योजना आली. ‘आशा’ हे ‘अॅक्रेडिटेड सोशल हेल्थ अॅक्टिव्हिस्ट’ ह्या इंग्रजी नामाच्या आद्याक्षरांचे रूप आहे. त्यातील शेवटचा शब्द ‘अॅक्टिव्हिस्ट’ आहे. हिंदीत त्याचे ‘कार्यकर्ता’ झाले. मराठीतही ‘कार्यकर्ती’ हा शब्द अगदी जवळ होता. परंतु महाराष्ट्राच्या शासनव्यवहारात रूढ झाला तो ‘स्वयंसेविका’. तिच्यावरील पर्यवेक्षिकेला मात्र ‘गटप्रवर्तक’ असे नाव मिळाले, ज्यात सेवाही नाही आणि ‘स्वयम्’ही नाही.

ह्यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, शब्दाच्या निवडीमुळेच महाराष्ट्रातील आशा वेतनाला मुकल्या. तो निष्कर्ष टिकणारा नाही. जेथे त्यांना ‘कार्यकर्ता’ म्हणतात तेथेही त्या कर्मचारी नाहीत, कारण मूळ योजनेनेच त्यांना मानसेवी ठरविले आहे. शब्दाने ही स्थिती निर्माण केली नाही, फक्त तिला पांघरूण घातले. परंतु पांघरुणाचाही परिणाम असतो. ज्या स्थितीला आदराचे नाव आहे तिच्यावर बोट ठेवणे कठीण जाते.

सिंधुदुर्गात ह्या पांघरुणाखाली काय आहे ते थोडक्यात पाहू. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली, म्हणजे वाढण्याऐवजी घटली. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया १,०३६. कर्ते पुरुष मुंबईस, आणि गावी स्त्रिया व वृद्ध, हे चित्र ह्या आकड्यांत उमटले आहे. ‘चाकरमानी’ हा येथला खास शब्द. चाकरी करून मान मिळविणारा तो चाकरमानी, अशी लोकांची समजूत आहे. गणपतीला व शिमग्याला तो गावी येतो आणि परत जातो. मागे राहून गावाचे आरोग्य सांभाळणारी सून मात्र चाकरीत नाही. तिच्या वाट्याला ‘मान’ आला तो ‘मानधन’ ह्या समासात. दर हजार वस्तीमागे एक आशा हे प्रमाण कागदावर सर्वत्र सारखे आहे. परंतु देशावरील एकगठ्ठा गावात हजार माणसे एका हाकेच्या टप्प्यात असतात, आणि येथे तीच हजार माणसे आठदहा वाड्यांत, सड्याच्या दोन बाजूंस, कधी खाडीच्या दोन काठांस असतात.

जानेवारी २०१६ च्या सुमारास दोडामार्ग तालुक्यात माकडतापाचा उद्भव झाला. १९५७ मध्ये कर्नाटकाच्या शिमोगा भागात प्रथम ओळखला गेलेला हा रोग जंगलातील गोचिडांमुळे पसरतो. काजूच्या बागांत व रानात रोज जाणाऱ्या लोकांपैकी कोणाला ताप आला आहे हे घरोघर जाऊन पाहण्याचे काम अशा वेळी गावपातळीवरील ह्याच स्त्रियांवर येते. २०२० मध्ये करोनाच्या साथीत मुंबईहून चाकरमानी मोठ्या संख्येने परतले, तेव्हा १८९७ चे चित्र जणू पुन्हा उभे राहिले. रोग मोठ्या शहरात, आणि भीती व ओझे किनाऱ्यावरच्या गावात. बाहेरून आलेल्यांच्या नोंदी, त्यांची रोजची विचारपूस, आणि सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ह्या मोहिमेतील घरोघरची तपासणी ही कामे आशांनी केली. हे काम त्यांनी मनापासून केले ह्यात संशय नाही. परंतु ते नाकारण्याची मोकळीक त्यांना कितपत होती, हा आप्पासाहेबांच्या कसोटीचा प्रश्न येथे विचारलाच पाहिजे. ज्या कामाचा आदेश निघतो, ज्याची नोंदवही तपासली जाते आणि जे न केल्यास जाब विचारला जातो, त्या कामातील ‘स्वयम्’ हा ‘स्वयंपाक’ ह्या शब्दातील ‘स्वयम्’इतकाच झिजलेला आहे.

७. मानधन, वेतन आणि न्यायालय

‘मानधन’ हा शब्दही ‘ऑनरेरियम’ ह्या इंग्रजी शब्दाचे भाषांतर म्हणून आला. व्याख्यानाला आलेल्या पाहुण्याला जे द्यावयाचे ते मानधन; त्याची उपजीविका त्यावर नसते. उलट ‘पगार’ हा पोर्तुगीजांकडून आपल्या भाषेत आला, आणि त्यात मान-अपमानाचा कोणताही ध्वनी नाही. चुकते करणे एवढाच त्याचा मूळ अर्थ. मालवणीत ‘तुका पगार कितको गावता?’ असे सहज विचारले जाते. ‘मानधन’ हा शब्द बोलीचा नव्हे, तो कार्यालयाचा आहे. बोलीने ह्या स्त्रीला ‘आशाताई’ म्हटले आणि नात्यात घेतले. स्वयंसेवकत्वाची सबब बोलीने पुढे केलेली नाही.

ह्या शब्दांचा निवाडा अंशतः न्यायालयांतही झाला आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतील अंगणवाडी सेविकांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये असे ठरविले होते की, त्या शासकीय पदावर नाहीत. परंतु गुजरातेतील अंगणवाडी सेविकांच्या प्रकरणी २५ एप्रिल २०२२ रोजी त्याच न्यायालयाने त्यांना उपदानाचा कायदा लागू आहे असे म्हटले, आणि त्यांना मिळणारे मानधन हे त्या कायद्यापुरते वेतनच होय असा अर्थ लावला. त्यापूर्वी मे २०१३ मध्ये भारतीय श्रम परिषदेच्या ४५ व्या अधिवेशनाने योजनांत राबणाऱ्या अशा व्यक्तींना कामगार म्हणून मान्यता द्यावी अशी शिफारस केलेली होती. महाराष्ट्रातील आशांनी जून २०२१ मध्ये व पुन्हा ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यभर संप केला. संप हा कामगाराचा व्यवहार आहे. स्वयंसेविका संपावर गेल्या, ह्या एका वाक्यातच शब्द आणि वस्तुस्थिती ह्यांची फारकत पूर्णपणे व्यक्त होते. ह्या दोन संपांच्या दरम्यान, २२ मे २०२२ रोजी, जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील दहा लाखांहून अधिक आशांचा गौरव केला. मान मिळाला, धनाचा प्रश्न शिल्लक राहिला.

८. उपसंहार

वरील विवेचनाचे सार पुढीलप्रमाणे मांडता येईल. मराठीतील ‘स्वयंसेवक’ ह्या शब्दात मूळ परदेशी शब्दातील ‘इच्छा’ मागे पडून ‘सेवा’ पुढे आली, आणि त्यामुळे विनामूल्यता हे त्याचे लक्षण मानले गेले. इतिहास मात्र निराळी साक्ष देतो. भारत सेवक समाजाने आपल्या सेवकांच्या निर्वाहाची काळजी घेतली, मिशनने घेतली, आणि आप्पासाहेब पटवर्धनांनी दाखवून दिले की, स्वयंसेवकाचे खरे लक्षण पत्करण्याचे व नाकारण्याचे स्वातंत्र्य हे होय. ज्याला हे स्वातंत्र्य आहे त्याने मोल घेतले तरी तो स्वयंसेवक राहू शकतो; ज्याला ते नाही त्याने मोल घेतले नाही तरी तो स्वयंसेवक होत नाही. त्याच्या श्रमासाठी भाषेत निराळा शब्द आहे, आणि तो ह्या किनाऱ्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

ह्याचा अर्थ ‘स्वयंसेविका’ हा शब्द टाकून द्यावा असा नाही. शब्द टाकल्याने वस्तुस्थिती बदलत नाही, हे १९७७ ते १९८१ ह्या काळातील तीन नावांनी आपणांस शिकविले आहे. करावयाचे ते एवढेच की, ज्या कामाचा आदेश निघतो त्याला काम म्हणावे व त्याचे वेतन द्यावे. आणि त्यापलीकडे ही स्त्री आपण होऊन जे करील, म्हणजे अपरात्री बाळंतिणीसोबत जाईल, एकट्या म्हाताऱ्याच्या दाराशी थांबेल, त्याला स्वयंसेवा म्हणून नमस्कार करावा. आज आपण दोन्ही गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या आहेत. त्यामुळे पहिलीचे मोल बुडते आणि दुसरीचा मानही उणावतो. गोपुरीच्या प्रयोगाने ज्याप्रमाणे ओझे वाहण्याची पद्धत बदलली, त्याप्रमाणे येथेही पद्धत बदलावी लागेल. ते काम धोरणकर्त्यांचे आहे. शब्दांचा हिशेब चोख ठेवणे एवढे आपले काम, आणि ते आपण केले पाहिजे.